नाण्याची प्रतवारी: एक नाणे, चार प्रश्न

१९११ सालचा पंचम जॉर्जचा रुपया संग्राहकांमध्ये ‘पिग रुपी’ म्हणून ओळखला जातो. राजाच्या झग्यावर रुळणाऱ्या मानचिन्हांच्या साखळीतला हत्ती ठशात इतक्या आखूड सोंडेचा उतरला की लोकांना तो डुक्कर वाटला. ओरड झाली, सरकारने बरीचशी नाणी परत घेतली आणि १९१२ पासून सोंड नीट दिसेल असा सुधारलेला ठसा वापरात आणला. असा एक रुपया तिघांपुढे ठेवला आहे, असे समजू. मुंबईतला मुरलेला व्यापारी तो दिव्याखाली तिरका धरून म्हणेल, “एक्सएफ आहे, पण हात मारलाय.” अमेरिकेतली प्रतवारी कंपनी तो प्लास्टिकच्या डबीत बंद करील, वर ‘एयू डिटेल्स, क्लीन्ड’ असे लिहील आणि अंक देणार नाही. जर्मनीतल्या लिलावाच्या सूचीत त्याच्यापुढे ‘फोरत्स्यूग्लिश’ असे येईल आणि साफसफाईबद्दल बारीक अक्षरात एक ओळ. तिघांनीही प्रामाणिकपणे पाहिले, तरी नाण्याचे भाव तीन निघतील.

नाण्यांच्या प्रतवारीवर जगभर जे वाद चालतात, त्यांतले बरेचसे अशाच जातीचे असतात. एक पद्धत विचारते, नाणे किती झिजले? दुसरी विचारते, ते दिसते कसे? तिसरीला बाजारात त्याचे काय येईल हे सांगायचे असते. चौथीचा प्रश्न असा की या नाण्यावरून आपल्याला काय काय वाचता येते? उत्तर एकाच अंकात किंवा एकाच शब्दात द्यायचे म्हटले की हे चारही प्रश्न एकमेकांत मिसळतात आणि घोळ सुरू होतो. या लेखात या पद्धतींचा आढावा घ्यायचा आहे आणि आपल्याकडच्या नाण्यांना त्यांतली कोणती किती लागू पडते तेही पाहायचे आहे.

शब्दांची शिडी

सर्वांत जुनी आणि आजही निम्म्या जगात चालणारी रीत शब्दांची. ब्रिटिश परंपरेत फेअर, गुड, फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रीमली फाइन, अनसर्क्युलेटेड अशा पायऱ्या आहेत. सर्वांत वर ‘फ्लर द क्वां’ म्हणजे एफडीसी. जर्मन लोक ‘झेअर श्योन’, ‘फोरत्स्यूग्लिश’, ‘श्टेम्पेलग्लान्झ’ म्हणतात. फ्रेंच, इटालियन, जपानी बाजारांच्या आपापल्या शिड्या आहेत. पायऱ्या साधारण समांतर असल्या तरी उंचीला सारख्या नाहीत. ब्रिटिश व्यापाऱ्याचा ‘एक्स्ट्रीमली फाइन’ अमेरिकेतल्या त्याच नावाच्या प्रतीपेक्षा कडक समजला जातो.

या रीतीचा पाया झीज हा आहे. नाण्यावरची नक्षी सगळी एका उंचीची नसते. जो भाग सर्वांत उंच तो खिशात, थैलीत, गल्ल्यात आधी घासला जातो. व्हिक्टोरिया राणीचा रुपया घ्या. पहिली झीज दिसते ती कानावरच्या केसांच्या बटांत आणि गालावर. मग मुकुटावरचे खडे सपाट होतात, मग पोशाखावरची वेलबुट्टी पुसट होते. केसांची प्रत्येक बट सुटी दिसत असेल तर प्रत वरची. केसांचा एकच गुळगुळीत पुंजका झाला असेल आणि तरी वेलबुट्टी मोजता येत असेल तर मधली. राणीची नुसती बाह्याकृती आणि अक्षरे उरली असतील तर खालची. जाणकार नाणे कडेला धरतो, एकाच दिव्याखाली सावकाश फिरवतो आणि चमक कशी सरकते ते पाहतो. न वापरलेल्या नाण्यावर प्रकाशाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा गोल फिरतो, कारण छापाच्या दाबाखाली धातू बाहेरच्या बाजूला वाहताना अतिशय बारीक रेषा उमटलेल्या असतात. झिजेने किंवा पॉलिशने त्या रेषा मोडल्या की पट्टा उंच भागांवर तुटतो. डोळ्यांना न दिसणारी झीज अनेकदा हा तुटलेला पट्टाच उघड करतो.

शब्दांच्या रीतीत मोकळीक आहे. ‘जवळजवळ एक्सएफ, मागची बाजू बरी, कडेला ठेच’ असे लिहिता येते. दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या प्रती देता येतात. मात्र त्या वर्णनामागे विकणाऱ्याचाच शब्द असतो, आणि त्याला नाणे विकायचे असते. अमेरिकेत बाजार मोठा झाला, नाणे न पाहता टपालाने घेणारे वाढले, तेव्हा ही उणीव टोचू लागली.

सत्तर कुठून आले?

आज जगभर चालणारी १ ते ७० ही मोजपट्टी विल्यम शेल्डन यांची. पेशाने ते मानसशास्त्रज्ञ होते आणि माणसांच्या देहयष्टीचे प्रकार पाडण्याबद्दल प्रसिद्ध होते. १९४९ साली त्यांनी अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या मोठ्या सेंटांवर ‘अर्ली अमेरिकन सेंट्स’ हे पुस्तक काढले. त्यात ही मोजपट्टी होती, आणि तिचा हेतू किंमत काढण्याचा होता. जेमतेम ओळखता येणाऱ्या नाण्याची किंमत एक धरायची. त्याच जातीचे व्हेरी फाइन नाणे त्याच्या वीसपट म्हणून ते व्हीएफ-२०, एक्स्ट्रीमली फाइन चाळीसपट म्हणून एक्सएफ-४०, आणि टाकसाळीतून नुकतेच निघाल्यासारखे निर्दोष नाणे सत्तरपट. म्हणजे मुळात हे आकडे त्या काळच्या एका छोट्या बाजाराचे भाव होते.

ते गणित काही वर्षांतच कोलमडले, कारण उत्तम नाण्यांचे भाव सत्तरपटीच्या पार पुढे गेले. आकडे मात्र टिकले. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनने १९७० च्या दशकाच्या अखेरीस अधिकृत मानके छापली तेव्हा सगळ्याच अमेरिकी नाण्यांना ती लागू केली. सुरुवातीला न वापरलेल्या नाण्यांसाठी ६०, ६५ आणि ७० अशा तीनच प्रती होत्या. मग ६३ आणि ६७ आल्या आणि १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत ६० ते ७० मधला प्रत्येक अंक वापरात आला. किमतीच्या पटीतून जन्मलेल्या आकड्यांना अशी मोजमापाची प्रतिष्ठा मिळाली.

शेल्डन यांच्याबद्दलची आणखी एक गोष्ट त्यांच्या मृत्यूनंतर उघड झाली. न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली चांगली सेंट काढून घेऊन त्यांच्या जागी त्यांनी त्याच जातीची, पण हलक्या प्रतीची नाणी ठेवली होती. जुनी छायाचित्रे आणि नोंदी ताडून पाहिल्यावर अदलाबदल सापडली. प्रतीचा नुसता शेरा नाण्याची ओळख पटवू शकत नाही, त्यासाठी चित्र आणि वजन लागते, हा धडा प्रतवारीच्या जनकानेच असा उलट्या मार्गाने घालून दिला.

डबीतला निकाल

अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनची एएनएसीएस ही सेवा १९७२ साली अस्सल-नकली तपासण्यासाठी सुरू झाली आणि १९७९ पासून ती प्रतही देऊ लागली. छायाचित्र असलेल्या तिच्या प्रमाणपत्रावर पुढच्या आणि मागच्या बाजूला वेगळे अंक असत. खरा पालट पीसीजीएसने केला. १९८५ साली स्थापन होऊन १९८६ च्या आरंभी कामाला लागलेल्या या कंपनीने नाणे तज्ज्ञांकडून तपासून, एकच अंक देऊन, कठीण प्लास्टिकच्या सीलबंद डबीत घालण्याची रीत रूढ केली. १९८७ साली एनजीसी आली. या डबीला बाजार ‘स्लॅब’ म्हणू लागला. तपासणारा विक्रेता नाही, चुकला तर कंपनी भरपाई देते आणि डबी फोडल्याशिवाय नाणे बदलता येत नाही. या तीन गोष्टींमुळे अनोळखी माणसाकडून नाणे घेण्याची भीती पुष्कळ कमी झाली. २०२१ साली १९३३ चे अमेरिकी वीस डॉलरचे सोन्याचे नाणे सुमारे एक कोटी एकोणनव्वद लाख डॉलरना विकले गेले. त्यावर पीसीजीएसची एमएस-६५ (एमएस म्हणजे ‘मिंट स्टेट’, न वापरलेले नाणे) ही प्रत होती.

स्लॅबबरोबर एक तात्त्विक बदलही रुळला. जुन्या, ‘टेक्निकल’ म्हटल्या जाणाऱ्या प्रतवारीत पाहायचे एवढेच, की टाकसाळीतून निघाल्यावर नाण्याचे काय काय झाले. नव्या, ‘मार्केट’ प्रतवारीत चमक, छापाची ठसठशीतता, ओरखडे कुठे पडले आहेत आणि नाणे एकंदर डोळ्यांत किती भरते, हे सगळे एका अंकात येते. गालावरचा एक ओरखडा केसांतल्या चार ओरखड्यांपेक्षा महाग पडतो, कारण तो आधी दिसतो.

यातून एक विचित्र जागा तयार झाली. नावापुरतीच झीज असलेले एयू-५८ नाणे चमकदार आणि देखणे असू शकते. एमएस-६० हे न वापरलेले नाणे टाकसाळीच्या पोत्यात इतर नाण्यांवर आदळून खरवडलेले, मंद आणि कुरूप असू शकते. मोजपट्टीत दुसरे वर बसते, डोळ्यांना पहिले आवडते. तेव्हा प्रतवारी करणारे कधी कधी ५८ च्या लायकीच्या देखण्या नाण्याला ६२ देतात. टेक्निकल पंथाच्या मते ही लबाडी आहे. मार्केट पंथ म्हणतो, गिऱ्हाईक जो भाव देते तोच आम्ही अंकात लिहितो.

एकसारखेपणाचा प्रश्नही सुटलेला नाही. १९९० साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने पीसीजीएसच्या जाहिरातींतल्या वस्तुनिष्ठतेच्या दाव्यांवर आक्षेप घेतला आणि तो तडजोडीने मिटला. त्याच वर्षी कंपनीने संगणकाकडून प्रतवारी करण्याचा प्रयोग जाहीर केला, पण तो टिकला नाही. २००३ साली ‘कॉइन वर्ल्ड’ या साप्ताहिकाने तीच नाणी वेगवेगळ्या कंपन्यांकडे पाठवून पाहिली, तर एकाही नाण्यावर सगळ्यांचे एकमत झाले नाही. पुढे ‘ग्रेडफ्लेशन’ हा शब्द रूढ झाला. पूर्वी ६४ मिळालेले नाणे डबीतून काढून पुन्हा पाठवले की ६५ मिळते, आणि दोन अंकांच्या भावात मोठी फट असेल तर टपालखर्च आणि शुल्क वाया जात नाही. हा व्यवसाय करून पोट भरणारे लोक आहेत. त्यावर उतारा म्हणून जॉन अल्बनीज यांनी २००७ साली सीएसी सुरू केली. ती स्लॅबमधल्या नाण्याची पुन्हा तपासणी करते आणि प्रत तिच्या वर्गात पक्की असेल तर हिरवे, अंक कमी दिला गेला असेल तर सोनेरी चिकटपत्र लावते. २०१० पासून अधिकचे चिन्हही आले: ६४, ६४ अधिक, ६५. मोजपट्टीवरच्या रेघा अशा वाढत गेल्या, पण नजर माणसाचीच राहिली.

आधुनिक नाण्यांत तर हा खेळ टोकाला जातो. टाकसाळीतून थेट डबीत गेलेल्या चांदीच्या नाण्यांपैकी बहुतेकांना ६९ किंवा ७० मिळते. दोघांतला फरक पाचपट भिंगाखाली शोधावा लागतो, किमतीतला फरक मात्र लांबूनही दिसतो. कंपन्यांनी चालवलेल्या संग्रहांच्या स्पर्धांत प्रत्येक अंकाला गुण असतात, म्हणून सर्वांत वरच्या अंकासाठी चुरस लागते.

धुतलेले, घासलेले, माळेत ओवलेले

स्वच्छ करण्याबाबतची अमेरिकी भूमिका दुटप्पी आहे आणि ती तशी आहे हे तिथले जाणकारही मान्य करतात. फडक्याने किंवा पावडरीने घासलेल्या चांदीवर समांतर बारीक रेघा उठतात. असे नाणे ‘डिटेल्स’मध्ये जाते, त्याला अंक नाही. तेच नाणे सौम्य आम्लाच्या द्रावणात बुडवून लगेच धुतले तर काळपटपणा जातो, रेघा उठत नाहीत आणि अंक मिळू शकतो. वारंवार बुडवले तर मात्र वाहिलेल्या धातूच्या त्या सूक्ष्म रेषाच विरतात आणि चमक मरते. याउलट वर्षानुवर्षे कागदात किंवा कापडात राहून चांदीवर निळा-सोनेरी-जांभळा थर चढला तर त्याला ‘टोनिंग’ म्हणून ज्यादा पैसे पडतात. साहजिकच असे रंग कृत्रिमरीत्या आणणारेही निघाले.

आपल्याकडे चित्र निराळे आहे. राणीछाप रुपये घरात राहिले ते देवघरात आणि दागिन्यांत. लक्ष्मीपूजनाला ते बाहेर निघायचे, चिंच, रिठा किंवा रांगोळीने लख्ख व्हायचे, हळदकुंकू लागायचे आणि पुन्हा डब्यात जायचे. रुपया तोळाभर वजनाचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, आणि ९१.७ टक्के चांदीचा; तेव्हा माळेत ओवायलाही तोच सोयीचा. कडी काढून टाकली तरी वरच्या कडेला डाग दिल्याची खूण राहते आणि तिथे कडेच्या दातऱ्या बुजलेल्या असतात. अमेरिकी निकषाने महाराष्ट्रातल्या जुन्या घरांतले बहुसंख्य बंदे रुपये ‘डिटेल्स’च्या खात्यात जातील. त्यांतून कडक पृष्ठभागाचा, कधी न घासलेला रुपया निवडून काढायला हा निकष उपयोगी आहे. मात्र ‘क्लीन्ड’ या एका शब्दात हलकेसे पुसलेले नाणे आणि रांगोळीने खरवडलेले नाणे एकाच रांगेत बसतात, आणि तिथे जुन्या व्यापाऱ्याची नजर डबीपेक्षा जास्त सांगते.

हाताने पाडलेले नाणे

यंत्राच्या नाण्यासाठी केलेली मोजपट्टी हाताने पाडलेल्या नाण्यावर कोलमडते. शिवराईच पाहा. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’. पण चकती अनेकदा ठशाहून लहान आणि वेडीवाकडी. घणाचा घाव जिथे बसला तिथे अक्षरे उमटली, उरलेली चकतीच्या बाहेर गेली. छत्रपती शिवाजी महाराजांच्या नंतरही ही नाणी दीर्घकाळ पाडली गेली आणि ब्रिटिश अंमल आल्यावरही बाजारात फिरत होती. अक्षरवळण आणि लेखनातले भेद पाहून त्यांचे प्रकार पाडले जातात. आता दोन शिवराया घ्या. एकीवर झीज जवळजवळ नाही, पण ‘राजा’ ही ओळ निम्मी कापलेली आहे आणि मागची बाजू एका अंगाला कोरी आहे. दुसरी गुळगुळीत झाली आहे, पण पुढच्या तिन्ही आणि मागच्या दोन्ही ओळी चकतीवर पुरत्या आल्या आहेत. झीज मोजणारा पहिलीला वरची प्रत देईल. शिवराईचा संग्राहक दुसरी उचलील, कारण तिच्यावरून प्रकार ठरवता येतो.

मोगल आणि पेशवाईतल्या रुपयांवर सराफांचे बारीक छाप असतात. चांदी खरी आहे हे पाहण्यासाठी मारलेले. टेक्निकल नजरेला ती इजा, आर्थिक इतिहास वाचणाऱ्याला तो पुरावा. याचे सर्वांत ठळक उदाहरण नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीचे. १९०६ साली तिथे क्षहरात क्षत्रप नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. नहपानाचा चेहरा त्याखाली चेपला आहे, अक्षरे एकमेकांत शिरली आहेत. कुठल्याही झिजेच्या मोजपट्टीवर ही नाणी खाली घसरतील. पण एका राजाने दुसऱ्याला हरवून त्याचे चलन आपले केले, हे सांगणारा इतका थेट पुरावा क्वचित मिळतो, आणि तो त्या चेपलेल्या चेहऱ्यातच आहे. अशा नाण्यात दोन्ही थर किती वाचता येतात, हाच कस लावायला हवा.

प्राचीन नाण्यांसाठी एनजीसीने २००८ साली जी पद्धत आणली, तिने ही अडचण बरीच ओळखली. झिजेची प्रत शब्दात द्यायची. छापाईला पाचपैकी आणि पृष्ठभागाला पाचपैकी वेगळे गुण द्यायचे. नाणे विशेष देखणे असेल तर तारा. ७० चा अंक नाही. सुरुवातीला एनजीसी प्राचीन नाण्यांच्या अस्सलपणाची हमी मात्र देत नसे. युरोपातले प्राचीन नाण्यांचे अनेक व्यापारी आणि संग्राहक अजूनही डबीच्या विरोधात आहेत. नाणे हातात घेऊन कड पाहता आली नाही, वजन करता आले नाही, तर तपासणार काय, असा त्यांचा सवाल आहे.

कायदा आणि आपला बाजार

भारतीय संग्राहकापुढे आणखी एक अडचण आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे हे पुरावशेष ठरते आणि सामान्य माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी कंपनीकडे तपासायला पाठवायचे तर नाणे देशाबाहेर जाणारच. म्हणजे १९११ चा रुपया तिकडे पाठवता येत नाही, १९३९ चा पाठवता येतो. जुन्या भारतीय नाण्यांचे स्लॅब आपल्या बाजारात दिसतात ते बहुधा परदेशातल्या संग्रहांतून आलेले असतात. देशातल्या लिलावांच्या सूच्यांत म्हणून शब्दांचीच रीत टिकून आहे: ‘व्हीएफ’, ‘एक्सएफ’, आणि त्यापुढे दुर्मीळपणासाठी ‘आर’, ‘आरआर’, ‘आरआरआर’. प्रत आणि दुर्मीळपणा या वेगळ्या गोष्टी आहेत, पण नवशिका दोन्ही एकत्र वाचतो आणि तीन ‘आर’ पाहून पृष्ठभागाकडे दुर्लक्ष करतो.

१९३९ चा सहाव्या जॉर्जचा चांदीचा रुपया दुर्मीळ आहे आणि त्याच्या नकला पुष्कळ आहेत. तिथे पहिला प्रश्न प्रतीचा नसून अस्सलपणाचा असतो, आणि त्याबाबत डबीचा उपयोग आहे. फक्त डबीचीही नक्कल होते. डबीवरचा क्रमांक कंपनीच्या नोंदीशी आणि तिथल्या छायाचित्राशी ताडून पाहिल्याशिवाय तिच्यावर भरवसा ठेवू नये.

मग कोणती पद्धत?

एकाच टाकसाळीत, एकाच ठशातून लाखांनी निघालेल्या नाण्यांसाठी अंकाची पद्धत चांगली चालते. तिथे तुलना करायला हजारो जोड्या असतात आणि बारीक फरकाला अर्थ असतो. तरी ६४ आणि ६५ मधली रेघ पक्की आहे असे कुणी सांगितले तर ते मान्य करू नये. नाणे जितके हाताचे, जितके जुने आणि जितके एकटे, तितका अंक निरुपयोगी होत जातो आणि वर्णन कामाचे ठरते.

एएनएसीएसने दोन बाजूंना दिलेले वेगळे अंक आणि एनजीसीने प्राचीन नाण्यांना दिलेले वेगळे गुण, या दोन्ही प्रयोगांत एक शहाणपण आहे: मिसळलेले प्रश्न सुटे करा. भारतीय नाण्यांसाठी तीच दिशा योग्य वाटते. प्रत्येक नाण्यापुढे चार गोष्टी लिहाव्यात. झीज किती; छाप किती आला आणि किती मजकूर वाचता येतो; पृष्ठभाग कसा, म्हणजे चमक, गंज, ओरखडे; आणि माणसाने पुढे काय केले, म्हणजे धुणे, घासणे, भोक, कडी, सराफी छाप. त्यासोबत वजन आणि दोन्ही बाजूंचे चित्र. यासाठी अमेरिकेला काही पाठवावे लागत नाही. एक बरे भिंग, एक दिवा आणि ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणारा काटा पुरतो. आपल्या लिलावगृहांनी सूचीत ‘एक्सएफ’ या दोन अक्षरांऐवजी ही चार कलमे छापायला लागावे. सराफी छापाला इजा म्हणायचे की इतिहास, हे मग घेणारा आपल्या आवडीप्रमाणे ठरवील, आणि भावही त्याप्रमाणे देईल.